तेरचे वस्तुसंग्रहालय पाहायचे आहे? एका दिवसाची आखणी

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. गोरोबाकाकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ते ठाऊक असते. गावातले शासकीय वस्तुसंग्रहालय पाहायला म्हणून मुद्दाम येणारे मात्र थोडे, आणि त्यातलेही बरेच जण वीस मिनिटांत बाहेर पडतात. खापरांचे तुकडे, मणी, मातीच्या बाहुल्या, झाले! इथल्या कितीतरी वस्तू बोटाएवढ्या आहेत. काय पाहायचे ते आधी ठरवले नसेल तर नजर कशावरच ठरत नाही. थोडी तयारी करून गेलात तर अडीच तास सहज जातात आणि तरीही काही राहून गेल्यासारखे वाटते.

घरी अर्धा तास

जाण्याआधी तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. पहिली, तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गाची माहितीवही लिहिली. तीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर असल्याचा उल्लेख आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल खडतर वाटेने गाड्यांतून भडोच बंदराला जात असे. तगर नेमके कुठले यावर बराच वाद झाला. देवगिरी, जुन्नर अशी नावेही पुढे आली. शेवटी शिलालेखांचे ब्रिटिश अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिले.

दुसरी, संग्रहालयातला सगळ्यात महत्त्वाचा ऐवज सातवाहन काळातला आहे, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या आधीचे एक शतक आणि नंतरची दोन शतके. या काळाची एवढी चौकट पुरे. राजांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका.

तिसरी गोष्ट ठाणे, कोकण आणि कोल्हापूरकडच्या मंडळींसाठी. तुमच्याकडे राज्य करणारे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांच्या काळात उभे राहिले ते राजे आपले मूळ याच गावाशी जोडत होते.

संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे, ते का हेही समजून घ्या. तेर जुन्या वस्तीच्या थरांवर वसले आहे. पावसाने पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती धुपली की मणी, नाणी, बाहुल्या वर येतात. तेरचेच रहिवासी असलेल्या लामतुऱ्यांनी अशा वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, जपल्या आणि तो संग्रह पुढे शासनाकडे आला. आज तो राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. एका खेडेगावातल्या माणसाने हे केले नसते तर यातले बहुतेक सगळे बाजारात विकले जाऊन पांगले असते. त्यांचे हे उपकार महाराष्ट्राने विसरू नयेत. संग्रहाची मर्यादाही यातूनच कळते. उत्खननातली वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी सापडली याची नोंद असते. पावसाने उघड्या पडलेल्या वस्तूची तशी नोंद नसते. म्हणून काही वस्तूंखाली नेमके साल दिसत नाही, नुसते 'सातवाहनकालीन' असते.

कधी आणि कसे जायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर ऊन चढते आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी गावात पायी फिरणे नकोसे होते. पावसाळ्यात काळी माती चपलेला चिकटून पाय उचलेनासा होतो. जायचेच असेल तर साधे बूट घाला. चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा भरते. यात्रेसाठी जायचे असेल तर अवश्य जा, पण त्या दिवसांत संग्रहालय निवांत पाहायला मिळण्याची आशा धरू नका.

सोमवार टाळा. शासकीय संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी बहुधा त्याच दिवशी असते. सार्वजनिक सुट्टीचा दिवसही टाळलेला बरा. आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न विचारा: उद्या उघडे आहे का, आणि सगळी दालने उघडी आहेत का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. रंगकाम, मांडणीतला बदल, विजेचे काम अशा कारणांनी लहान संग्रहालयांत एखादे दालन महिनोन्‌महिने बंद असते, आणि आपल्याला हवी ती वस्तू नेमकी तिथेच असते.

धाराशिवहून तेर रस्त्याने साधारण वीस किलोमीटर, लातूरहून साधारण साठ. पुण्या-मुंबईकडून रेल्वेने येणाऱ्यांनी धाराशिवला उतरावे. स्थानक शहराबाहेर आहे, त्यामुळे बसस्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते. तेरलाही स्थानक आहे, पण ते गावापासून दूर आहे आणि तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. तिकीट काढताना काही ठिकाणी अजून 'उस्मानाबाद' हे जुने नाव दिसेल, गोंधळू नका. एसटीने येत असाल तर तेरला उतरतानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. दुपारी चारनंतर ही चौकशी सुरू केली तर कधी कधी वडापच्या जीपची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पिशवीत काय हवे

वही आणि शिसपेन्सिल. पेन नको, कारण अनेक संग्रहालयांत वस्तूंजवळ शाई चालत नाही. तीन ते पाच पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. दहापटीचे दागिने पाहायचे भिंग इथे निरुपयोगी ठरते, कारण ते वस्तूच्या अगदी जवळ न्यावे लागते आणि मध्ये कपाटाची काच असते. सुटे पैसे, एक लिटर पाणी (उन्हाळ्यात दोन), आणि गडद रंगाचा सदरा. सदऱ्याचे कारण पुढे येईल. मोठी पाठपिशवी नेऊ नका, ती दारातच ठेवावी लागते.

बोटाचे मापही घरीच घेऊन ठेवा. अंगठ्याचे शेवटचे पेर किती सेंटिमीटर, वीत किती. काचेबाहेर बोट धरून वस्तूची उंची अदमासे काढता येते. छायाचित्रात दोन इंचांची बाहुली दोन फुटांची वाटते, वहीत माप असेल तर घरी गेल्यावर घोटाळा होत नाही.

सकाळी आधी त्रिविक्रम मंदिर

संग्रहालय उघडायच्या आधी, नऊच्या सुमारास गावात पोहोचा आणि पहिल्यांदा त्रिविक्रम मंदिर पाहा. एक तर ऊन कोवळे असते. दुसरे म्हणजे इथल्या विटा पाहिल्या की संग्रहालयातल्या विटांना अर्थ येतो.

समोरून ते गावातल्या कुठल्याही जुन्या देवळासारखे दिसते, कारण पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा आहे. दर्शन घेऊन तसेच परतू नका, बाहेरून मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल वळली आहे, आणि वर गजपृष्ठाकार छप्पर आहे, हत्तीच्या पाठीसारखे. कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहांत, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहांत, खडकात कोरलेला जो आकार दिसतो, तोच इथे विटांनी उभा केला आहे. विटांनी बांधलेली अशी वास्तू अखंड राहणे फार दुर्मीळ. आंध्रातल्या चेजर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर हे या जातीचे दुसरे नावाजलेले उदाहरण. मुळात हा बौद्ध चैत्य होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. आज गाभाऱ्यात त्रिविक्रम आहे, बळीच्या गोष्टीतला पाय उचललेला वामन.

हे पूजेतले देऊळ आहे. चपला बाहेर, गाभाऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय नाही, आणि आरती चालू असेल तर बाजूला थांबा. भिंतीच्या विटेला नख लावून पाहण्याचा मोह आवरा. वीट जुनी, मऊ आणि सच्छिद्र आहे.

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात असे सांगतात, आणि त्यामागे कारण आहे. मातीत भरपूर तूस कालवून वीट पाडली की भट्टीत तूस जळून जाते आणि जागोजाग पोकळ्या राहतात. वीट हलकी होते, पायावरचा भार कमी होतो. मोडलेल्या कडेकडे तिरप्या उजेडात पाहिलेत तर तुसाच्या आकाराच्या बारीक खाचा दिसतात. पाण्यात टाकून खात्री करायच्या भानगडीत पडू नका.

गावातले दुसरे विटांचे देऊळ उत्तरेश्वराचे. त्याच्या कोरीव लाकडी द्वारचौकटीची अभ्यासकांनी विशेष दखल घेतली आहे. आपल्या हवेत इतके जुने लाकूड टिकत नाही, म्हणून तिचे मोल मोठे. ती सध्या कुठे पाहता येते ते संग्रहालयात विचारून घ्या.

संग्रहालयात: दोन फेऱ्या

पहिली फेरी दहा मिनिटांची. कुठेही न थांबता सगळी दालने फिरा, काय कुठे आहे ते पाहा, वहीत कपाटांचा साधा नकाशा काढा. दुसऱ्या फेरीत सहा-सात वस्तू निवडा आणि प्रत्येकीपुढे किमान दहा मिनिटे उभे राहा. सगळे पाहीन म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आम्ही निवडू त्या वस्तू अशा.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरची सगळ्यात नावाजलेली वस्तू. उंची जेमतेम वीतभर, अंगावर ठसठशीत दागिने. आरशाची मूठ म्हणून ती वापरात असावी असा अंदाज आहे. हिच्या जातीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली आणि आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले. म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीच भारतातून समुद्रापार पोहोचली होती. मराठवाड्यातल्या भोकरदनलाही अशी हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. तेरच्या मूर्तीकडे पाहताना कमरेची मेखला आणि पायांतले वाळे भिंगाने पाहा. मूर्ती दिसली नाही तर निराश होऊन निघू नका, नम्रपणे विचारा. अशा वस्तू कधी कधी सुरक्षेसाठी आत ठेवलेल्या असतात.

पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. केओलिन नावाच्या पांढुरक्या, बारीक मातीच्या या मूर्ती म्हणजे तेरची ओळखच. चेहरे गोल, ओठांवर किंचित हसू, आणि केशरचना तर पाहत राहावी अशी. मूर्ती दोन साच्यांत घडवली जाई. पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही अर्धे ओले असतानाच जोडायचे. कानामागून खांद्याकडे उतरणारी बारीक रेघ शोधा, तो सांधा आहे. कारागिराने तो बोटाने पुसायचा प्रयत्न केलेला असतो, पण केसांच्या नक्षीत तो पकडता येतो. मोडलेली मूर्ती पाहायला मिळाली तर जास्त चांगले, कारण आतला पोकळपणा दिसतो. भरीव माती भाजताना आतली ओल वाफ होऊन मूर्ती तडकते. पोकळ मूर्तीची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि ती नीट भाजली जाते. अखंड मूर्तीपेक्षा फुटकी मूर्ती जास्त शिकवते, हे मडक्यांनाही लागू.

कडी असलेली मातीची पदके. ही पहिल्या फेरीत हमखास नजरेतून सुटतात. रुपयाएवढी किंवा त्याहून लहान, वर दोरा ओवायला कडी. रोमन नाण्याचा ठसा मातीत उतरवून ती बनवलेली असतात. खरे नाणे परवडत नव्हते त्याने गळ्यात मातीचे घातले असावे. भिंगातून सम्राटाची बाजूने दिसणारी मुद्रा, नाक आणि मानेची रेघ ओळखू येते का ते पाहा.

मणी. कार्नेलियनचा लालसर मणी निवडा, तो अर्धपारदर्शक असतो. उजेड मागून येत असेल तर आतले भोक दिसते. भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणत आणि मधोमध जुळवत. बहुतेक मण्यांत मध्यावर दोन भोके किंचित चुकलेली दिसतात, तिथे पायरीसारखा खटका असतो. मूळ दगड मळकट पिवळा-तपकिरी असतो. तापवल्यावर त्यातल्या लोहामुळे तांबडा रंग चढतो. पांढऱ्या रेघांची नक्षी असलेला मणी दिसला तर ती नक्षी कोरलेली नाही. क्षाराने रेघ ओढून मणी तापवला की दगडाचा वरचा थर तेवढ्या जागी पांढरा पडतो.

शंखाच्या बांगड्या. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. शंख आडवा कापून कडी काढत, म्हणून बांगडीच्या आतल्या कडेला शंखाचा नैसर्गिक वळसा उरलेला असतो. शेजारी कापलेले उरलेले तुकडे मांडलेले असतील तर ते बांगड्यांइतकेच महत्त्वाचे. माल बाहेरून तयार आला नाही, इथेच घडला, याचा तो पुरावा.

काळी-तांबडी मडकी. तोंडाकडे आणि आतून काळी, खाली बाहेरून तांबडी. दोन रंग लावलेले नाहीत, भाजणीचा हा परिणाम. मडके पालथे घालून भाजले की आत आणि काठाशी हवा पोहोचत नाही, तिथे काजळी मातीत मुरते. बाहेर हवा खेळती असते, तिथे मातीतले लोह तांबडे होते. मोडलेल्या कडेत काळ्या-तांबड्याची सीमा शोधा.

मडक्याच्या आतली बाजू दिसत असेल तर आणखी एक निरीक्षण करा. गळ्याशी चाकाच्या गोल रेघा असतात, पण पोटाकडे त्या पुसट होतात किंवा नसतातच. कारण गळा चाकावर उठतो आणि पोट नंतर थापटण्याने ठोकून वाढवतात, आतून दगडी गुंड्याचा आधार देऊन. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते पारखले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते थापटणे काय काम करते, हे इथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यात दिसते.

नाण्यांसमोर सुरुवातीला फार वेळ घालवू नका. सातवाहनांची शिशाची आणि मिश्रधातूची नाणी झिजलेली असतात, नवख्याला फारसे दिसत नाही. एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना जोडलेली चार वर्तुळे, म्हणजे उज्जयिनी चिन्ह, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ.

छायाचित्रे

आधी परवानगी विचारा, वेगळे शुल्क असेल तर पावती घ्या. फ्लॅश कधीच नको. हस्तिदंत, लाकूड, रंगवलेल्या वस्तू यांना तीव्र प्रकाश आणि उष्णता मानवत नाही. शिवाय काचेवर फ्लॅश मारला तर छायाचित्रात पांढरा डाग सोडून काही येत नाही. मोबाइलची कड काचेला अलगद टेकवून, किंचित तिरपा धरून टिपा. काचेत आपलेच प्रतिबिंब उमटते, म्हणून गडद सदरा. सोबत्याला मागच्या खिडकीसमोर उभे केले तरी चकाकी कमी होते. प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या पाटीचेही छायाचित्र घ्या, नाहीतर आठवड्याने कुठली बाहुली कुठली ते आठवत नाही.

मुलांना किंवा शाळेला नेताना

दालने लहान आहेत. पन्नास मुले एकदम सोडली तर कोणालाच काही दिसत नाही. पंधरा-पंधराच्या तुकड्या करा. एक तुकडी संग्रहालयात, दुसरी त्रिविक्रम मंदिरात, तिसरी डबा खात, असे फिरवा. पंधरा दिवस आधी अभिरक्षकांच्या नावे शाळेच्या कागदावर पत्र द्या. त्यात तारीख, वेळ, मुलांची संख्या आणि इयत्ता लिहा. जमल्यास माहिती सांगायला कुणी मिळेल का, तेही विचारा. मुलांना माहिती उतरवून घ्यायला लावू नका. ती पाट्यांवरची वाक्ये वहीत ओढत बसतात आणि वस्तू पाहतच नाहीत. एकच काम द्या: एक वस्तू निवडायची, तिचे चित्र काढायचे आणि ती कशी केली असेल ते दोन ओळींत लिहायचे.

तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला. 'मामा, यातली इथे गावातच सापडलेली कुठली?' एवढ्या प्रश्नावर पाटीवर नसलेले बरेच काही ऐकायला मिळते. जाताना अभिप्रायवहीत 'छान' असे एका शब्दात लिहून येऊ नका. काय आवडले, कुठली पाटी वाचता येत नाही, कुठे उजेड कमी आहे, ते नेमके लिहा.

दुपार

जेवण बसथांब्याजवळच्या हॉटेलात मिळते, पण मोठा गट असेल तर सकाळीच सांगून ठेवा. जेवून गोरोबाकाकांच्या समाधीमंदिरात जा. शके १२३९ म्हणजे इसवी सन १३१७ हा त्यांच्या समाधीचा काळ मानतात. मंदिर तेरणेच्या काठी आहे, सावलीत बसून वही पुरी करायला जागा चांगली.

गावात फिरताना पांढरीवर, शेताच्या बांधावर, पावसाने कापलेल्या दरडीत खापरे आणि क्वचित मणीही दिसतात. उचलून खिशात घालू नका. जागेवरून हलवलेली वस्तू निम्मी मुकी होते. शिवाय कायदाही आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुरावस्तूंचा व्यवहार व निर्यात १९७२ च्या कायद्याने नियंत्रित आहे. महत्त्वाचे काही दिसले तर जागेचे आणि आजूबाजूच्या खुणांचे छायाचित्र काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि संग्रहालयात जाऊन दाखवा. कोणी 'जुने मणी घ्या' म्हणत पुढे आले तर विकत घेऊ नका. मणी खोटे असतील तर पैसे जातात, खरे असतील तर गावाचा ठेवा जातो.

दिवस उरला असेल आणि गाडी स्वतःची असेल तर परतताना धाराशिवजवळची लेणी पाहता येतात. तुळजापूर आणि नळदुर्ग मात्र त्याच दिवशी जोडू नका. भवानीच्या दर्शनरांगेत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही, आणि नळदुर्गच्या किल्ल्याला स्वतंत्र अर्धा दिवस लागतो. ती दोन ठिकाणे दुसऱ्या दिवसावर टाका आणि मुक्काम धाराशिवला किंवा तुळजापूरला करा.